दात किती दिवस टिकतो? खानदेशातल्या चाकांविषयी थोडं

मागे आवाज पोचतोय ना? ठीक.

या टेबलावर एक चाक ठेवलंय. पोलादी पिनियन आहे, मुठीत मावेल एवढं. एकवीस दातांचं होतं, आता एकोणीस उरलेत. एक दात १९६१ साली तुटला आणि दुसरा यंदा आम्ही मुद्दाम कापून काढला. आजचं व्याख्यान या दोन दातांच्या मधल्या काळाविषयी आहे. पण मी इतिहासाची किंवा यंत्रशास्त्राची नाही, तत्त्वज्ञानाची आहे, त्यामुळे वाट थोडी वळणावळणाने जाईल. सांभाळून घ्या.

माझे वडील खानदेशातल्या एका कापड गिरणीत फिटर होते. गिरणीचं नाव घेत नाही. ब्लोरूममधल्या एका यंत्राचा गिअरबॉक्स बसला, उघडला तर या पिनियनचा दात तुटलेला. वडिलांवर ठपका आला की तेल वेळेवर घातलं नाही. चार दिवसांचा पगार कापला. ते घरी काही बोलले नाहीत, पण ते चाक भंगारातून मागून आणलं आणि शेवटपर्यंत खिडकीत ठेवलं. आई त्याच्याखाली रेशनच्या पावत्या दाबून ठेवायची. 'आवाज बदलना म्हंजे दात गया समज,' असं ते अहिराणीत म्हणायचे. आवाज बदलल्याचं आपण जॉबरला आठ दिवस आधी सांगितलं होतं, हेही म्हणायचे. याला कागदी पुरावा नाही. राजवाड्यांच्या धुळ्यात हे सांगताना जरा संकोच वाटतो. त्या माणसाने गावोगाव हिंडून, माळ्यांवरून, पोत्यांतून कागद गोळा केले. यंत्रांचे सुटे भाग मात्र आपल्याकडे कोणी गोळा केले नाहीत. ते भंगारवाल्याकडे गेले आणि वितळले.

तेव्हा सुरुवातीला जाऊ. खानदेश म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे आधी सरकी वेगळी करणं. इथून फर्दापूरला जा, अजिंठ्याची लेणी चढा. तिथल्या पाचव्या शतकातल्या चित्रांमध्ये सरकी काढण्याचं दृश्य असल्याचं डीटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकाने १९७४ साली दाखवून दिलं. साधन अगदी साधं आहे: एक लाटणं आणि एक पाट. लाटणं कापसावरून फिरतं, तंतू पुढे निसटतो, सरकी मागे राहते. इथे दात नाहीत, म्हणून दाताचा प्रश्नही नाही.

पुढे दोन लाटांची चरखी आली. एकमेकींना टेकलेल्या दोन लाटा उलटसुलट फिरवायच्या तर एकीची गती दुसरीला द्यावी लागते. आपल्या सुतारांनी लाटांच्या टोकाला लाकडातच तिरपे मळसूत्री आटे कोरले आणि ते एकमेकांत अडकवले. सरकीच्या यंत्रात हे मळसूत्री दाते ही हिंदुस्थानची खास खूण आहे, असं तंत्रज्ञानाचे इतिहासकार मानतात. इरफान हबीब ते तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास नेतात. म्हणजे आपल्या आज्यापणज्या रोज संध्याकाळी ओसरीवर बसून गिअर चालवत होत्या. त्याला गिअर म्हणतात हे कोणी त्यांना सांगितलं नाही, एवढंच.

आता लाकडाचा आटा कसा जातो ते बघा. तो झिजतो. घासतो, भुसा पडतो, फट वाढते, चरखी खुळखुळायला लागते. कोणालाही दिसतं, ऐकू येतं. सुतार येतो, नवा आटा कोरतो. या जाण्यात कपट नाही. झीज म्हणजे चोरी खरी, पण दिवसाढवळ्याची.

लोखंडाने हे सगळं बदललं. १८६० च्या दशकात रेल्वे खानदेशात आली, त्याच वेळी अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरला आपल्या कापसाची आठवण झाली. वाफेवरची जिनं आली, प्रेस आले. व्हिटनीचं करवती दातांचं जिन आपल्या आखूड धाग्याला मानवेना. १८४० च्या मॅकार्थीच्या पद्धतीचं, चामड्याच्या लाटेचं जिन मानवलं, आणि आजही आपल्या जिनिंगमध्ये चालतात ती लाटेचीच यंत्रं. १८७० च्या दशकात जळगावला मूळजी जेठांची खानदेश मिल उभी राहिली. विसावं शतक लागल्यावर अमळनेरला प्रताप मिल आली.

इथे मला दोन मिनिटं रेंगाळू द्या, कारण माझं सगळं शिक्षण अप्रत्यक्षपणे त्या मिलच्या गिअरवर झालंय. श्रीमंत प्रतापशेठजींनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापसाच्या गावात वेदान्ताचं संशोधन! घनश्यामदास मलकानी तिथे होते, रासविहारी दास होते, टी. आर. व्ही. मूर्ती होते. या तिघांनी मिळून १९३३ साली 'अज्ञान' नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा माणूस तिथे संचालक म्हणून राहून गेला. साने गुरुजी अमळनेरला आले तेही याच मंदिरात शिकायला. शाळेतली नोकरी मागाहूनची. हे सगळं चालत होतं कारण पलीकडे कापसाचे तक्ते फिरत होते. पण त्या मंदिरात अज्ञानाचा आश्रय जीव की ब्रह्म यावर वाद चालले असताना, यंत्रातला दात का तुटतो, हा प्रश्न कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही. आम्हा तत्त्वज्ञांची ही जुनी खोड आहे.

अपवाद एकच आठवतो, तोही उलट्या दिशेचा. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे. त्या आजोबांनी ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत एका चाकाचं वर्णन केलंय. आरे पोकळ, त्यात अर्धवट पारा भरलेला, आणि एकदा फिरवलं की ते आपोआप फिरत राहतं. न थकणारं चाक. ते फिरत नाही, फिरू शकत नाही, हे आज शाळेतलं पोर सांगेल. मला त्यात रस आहे तो एवढ्याचसाठी की चाक थकू शकतं, याची जाणीव असल्याशिवाय न थकणारं चाक कोणाला सुचणार नाही.

धातू थकतो हे युरोपला कळलं ते प्रेतं मोजून. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली. पन्नासाहून जास्त माणसं गेली. आस तर धडधाकट दिसत होता. त्याआधी जर्मनीतल्या हार्त्सच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याने पाळण्यांच्या साखळ्या पुन्हा पुन्हा ताणून बघितल्या होत्या. एका ओढीत न तुटणारी साखळी हजारो ओढींनी तुटते, हे त्याने पाहिलं. १८५४ साली लंडनच्या इंजिनिअरांसमोर ब्रेथवेटने वाचलेल्या निबंधात याला 'फटीग' म्हणजे थकवा हा शब्द आला. आपल्याकडे कोणी श्रांती म्हणतं. मी थकवाच म्हणेन, वडिलांना तोच कळला असता. मग प्रशियातल्या रेल्वेचा ऑगस्ट व्योलर आला. त्याने वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून मोडले आणि किती भाराला किती फेरे, याचा हिशोब मांडला. थकव्याचं शास्त्र त्याच्यापासून सुरू होतं.

पण दाताचा थकवा हा आसाच्या थकव्यापेक्षा वेगळा. दात मुळाशी वाकतो आणि तिथून मोडू शकतो, हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार दाताच्या गालावरचा. दोन दात एकमेकांना भिडतात तेव्हा सगळा भार एका बारीक रेघेवर येतो. ती रेघ किती रुंद, तिच्यावर दाब किती, हे गणित हाइनरिश हर्ट्झने सोडवलं. १८८० च्या नाताळच्या सुट्टीत, वय तेवीस. तो बघत होता काचेची दोन भिंगं एकमेकांवर दाबल्यावर रंगांची वलयं कशी पसरतात ते. गिअर त्याच्या डोक्यातही नव्हता. रेडिओच्या लहरींसाठी आपण ज्याचं नाव घेतो तोच हा हर्ट्झ.

त्याच्या गणितातून पुढे जे निघालं ते मला फार विलक्षण वाटतं. दाब सगळ्यात जास्त पृष्ठभागावर असतो. पण धातूला आडवं कातरणारा ताण सगळ्यात जास्त असतो तो पृष्ठभागाच्या थोडा खाली, नेहमीच्या गिअरमध्ये मिलिमीटरच्या काही दशांश खोलीवर. म्हणजे वरून चकचकीत दिसणाऱ्या दाताच्या पोटात भेग जन्माला येऊ शकते. ती वर येते, कपचा उडतो, खळगा पडतो. कारखान्यात याला पिटिंग म्हणतात. खळगे पडले की दात नीट भिडत नाही, धक्के बसतात, आवाज बदलतो. शेवटी दात मोडतो.

मात्र भेग नेहमी पोटातच जन्मते असं नाही. दात फक्त लोळत नाहीत, घसरतातही. ज्या वर्तुळावर निव्वळ लोळण असते त्याच्या खालच्या, मुळाकडच्या भागात घसरण लोळण्याच्या उलट दिशेने असते. तेल पातळ असेल, मळलेलं असेल, कमी असेल, तर तिथे भेग वरूनच सुरू होते. १९३५ साली स्ट्युअर्ट वे याने प्रयोगांतून मांडलं की अशा भेगेत तेल शिरतं, भेगेचं तोंड मिटतं आणि कोंडलेलं तेल पाचरीसारखं भेग पुढे रेटतं. जे तेल दाताला वाचवतं तेच भेगेत शिरलं की दाताला फाडतं. वडिलांच्या चाकाचा खटला नेमका या फाट्यावर उभा आहे. भेग आतून असेल तर पोलाद किंवा त्याला दिलेलं पाणी कमी पडलं, वडील सुटले. बाहेरून असेल तर तेलाचा प्रश्न उरतोच.

ते चाक घेऊन मी भाच्याकडे गेले. तो पुण्याकडे एका कारखान्यात आहे, लोखंडाच्या भुकटीपासून गिअर करतात तिथे. मला वाटलं, भुकटीचा गिअर म्हणजे काहीतरी स्वस्तातलं. आत जाऊन बघितलं आणि मला आमचे वैशेषिक भेटले!

सांगते. लोखंडाची भुकटी, त्यात चिमूटभर ग्रॅफाइट, थोडं तांबं, निकेल, मॉलिब्डेनम. दातांच्या आकाराच्या साच्यात ओतायची आणि दर चौरस सेंटिमीटरला साधारण सहा टन भाराने दाबायची. बाहेर येतं ते कच्चं चाक. आकार पुरा, पण जोर केला तर हाताने तुकडा पडतो. मग ते जाळीच्या पट्ट्यावरून भट्टीत जातं. उष्णता सुमारे ११२० अंश. लोखंड वितळतं १५३८ ला, म्हणजे इथे वितळणं नाहीच. तरी कण एकमेकांना जिथे टेकलेत तिथे माना फुटतात, अणू सरकतात, कण जुळतात. याला सिंटरिंग म्हणतात. मी सरळ भाजणं म्हणेन. कुंभार आव्यात करतो तेच हे.

आता कच्चं मडकं भाजल्यावर लाल होतं, तेव्हा आत नक्की काय होतं? यावर न्याय आणि वैशेषिक दीड हजार वर्षांपूर्वी भांडलेत. वैशेषिक म्हणतात, अग्नीच्या आघाताने मडकं परमाणूंपर्यंत सुटतं, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळून नवं मडकं होतं. हा पीलुपाकवाद. हे सगळं किती क्षणांत होतं, नऊ की दहा, याचाही हिशोब त्यांनी केला. नैयायिक म्हणतात, भलतंच काय! मडकं सुटलं तर त्याच्यावर रचलेली मडकी पडत कशी नाहीत? आकार तोच कसा राहतो? मडकं सच्छिद्र आहे, छिद्रांतून तेज आत शिरतं आणि आख्खं मडकंच आतून-बाहेरून बदलतं. हा पिठरपाकवाद. वर्गात हे शिकवताना मुलं जांभया द्यायची, आणि खरं सांगते, मलाही ते शब्दांचे डोंबारी खेळ वाटायचे. भट्टीसमोर उभी राहिले तेव्हा कळलं की दोघांनी खरी अडचण पकडली होती. आकार टिकतो, हे नैयायिकांचं बरोबर. काम मात्र अणूंच्या पातळीवर होतं, तो वैशेषिकांचा आग्रहही वाया गेलेला नाही. आणि छिद्रं तर आहेतच. सगळी गोष्ट छिद्रांचीच आहे.

भरीव पोलादाची घनता घनसेंटिमीटरला ७.८ ग्रॅम. दाबून भाजलेल्या चाकाची सातच्या आसपास. म्हणजे दहावा हिस्सा पोकळी. तुमच्या पंख्यातलं, मिक्सरमधलं बुश अशाच भुकटीचं असतं आणि तिथे छिद्र हा गुण असतो. ते तेल धरून ठेवतं, फिरताना सोडतं. गिअरच्या दातात तेच छिद्र दोष होतं. ज्या खोलीवर कातरणारा ताण सगळ्यात जास्त तिथेच छिद्र असेल तर भेगेला आयतं तोंड मिळालं. पृष्ठभागावर छिद्र असेल तर तेलाच्या थराचा दाब त्यातून गळतो. तिसरी भानगड कडक करताना. पोलादी दाताला कार्बनच्या वायूत तापवून पाणी देतात, वरचा थर कडक आणि गाभा चिवट ठेवायचा असतो. छिद्रं एकमेकांना जोडलेली असतील तर वायू थेट गाभ्यापर्यंत शिरतो, दात आरपार कडक होतो आणि ठिसूळ बनतो. घनता भरीवाच्या ९२-९३ टक्क्यांच्या पुढे गेली की छिद्रं एकमेकांपासून तुटायला लागतात, मग हा त्रास कमी होतो.

यावर काढलेला उपाय साधा आहे, आणि त्याचं मला कौतुक वाटलं. सगळं चाक भरीव कशाला करायचं? ताण जिथे आहे तिथेच करा. भाजलेलं चाक दोन कडक दातेरी रोलरांमध्ये थंडपणी दाबून फिरवतात. दातांच्या गालांवरची छिद्रं मिटतात, अर्धा-एक मिलिमीटरपर्यंतचा थर जवळजवळ भरीव होतो, आत गाभा सच्छिद्रच राहतो. मग कार्बन, मग पाणी. आता हर्ट्झ आठवा: कातरणारा ताण काही दशांश मिलिमीटरवर. भरीव थर त्याच्यापेक्षा खोल गेला पाहिजे, कडक थरही. तो उथळ राहिला तर भेग थराखालच्या छिद्रांतून निघते आणि आख्खा थर पोपड्यासारखा सुटतो. साधलं तर भरीव पोलादाच्या तोडीला येणारा दात मिळतो, आणि तोही भुसा न पाडता.

टिकतो हे कसं ठरवतात? चालवून. दोन गिअरजोड्या एकमेकींना पीळ देऊन एका फेऱ्यात बांधतात. पीळ आत कोंडलेला असतो, मोटर फक्त घर्षणाची भरपाई करते. म्युनिकच्या गिअर संशोधन संस्थेच्या नावाने ही रचना जगभर ओळखली जाते. पाच कोटी फेऱ्यांपर्यंत नेतात. मिनिटाला १५०० फेरे धरले तर रात्रंदिवस तेवीस दिवस लागतात. आणि एकाच साच्यातली, एकाच भट्टीतली चाकं वेगवेगळ्या दिवशी जातात. एखादं लवकर, एखादं जातच नाही. म्हणून उत्तर 'इतके दिवस टिकेल' असं मिळत नाही, 'शंभरातली इतकी टिकतील' असं मिळतं. त्याचं गणित स्वीडनच्या वायबुलचं. कारखान्याला ते पुरतं. पण ज्याच्या पाळीत शंभरातलं पहिलं चाक गेलं, त्या फिटरने काय म्हणायचं?

भाच्याने वडिलांचं चाक भिंगाखाली धरलं. खळगे मुळाकडच्या भागात होते. म्हणाला, 'मावशी, कापल्याशिवाय सांगता येणार नाही.' मी चार महिने हो म्हटलं नाही. भावाला फोन केला. तो म्हणाला, 'अक्का, बाबांनी सांगितलं ते पुरे नाही का?' मी प्रामाण्यवाद शिकवून निवृत्त झाले. आप्तवाक्य हे प्रमाण आहे, नाही असं नाही. पण आप्त आपलाच बाप असेल तर जरा सावध राहावं लागतं.

मार्चमध्ये तुटक्या दाताच्या शेजारचा दात कापला, घासून आरशासारखा केला, आम्लाने पुसला. कडक थर गडद दिसतो. थर चांगला खोल निघाला, पोलादही सरस. पोटात भेग नाही. पृष्ठभागावरून तिरप्या आत गेलेल्या चार बारीक भेगा आहेत, घसरणीच्या दिशेशी जुळणाऱ्या, वेने सांगितल्यासारख्या. म्हणजे भेग बाहेरून. तेलाचा प्रश्न उरला.

भाचा म्हणाला, तेल घातलंच नसतं तर दाताचा गाल ओरबाडलेला, निळसर पडलेला दिसला असता. तसं इथे नाही. तेल होतं, पण पातळ किंवा मळकं असावं. तेल स्टोअरमधून यायचं, फिटर आणायचा नाही. पण गाळणं, बदलणं? ते कोणाकडे होतं, मला माहीत नाही. त्या खात्यातलं आज कोणी हयात नाही. 'घातलं नाही' हा ठपका खोटा ठरला, एवढं धातू सांगतो. 'आठ दिवस आधी सांगितलं होतं' हे खरं का, ते त्याच्यावर लिहिलेलं नाही. भावाला मी हे सगळं तसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, चाक परत खिडकीत ठेव.

ठेवणार आहे, पण आज इथे आणलंय. कापलेला दात त्या डबीत आहे, सोबत भिंगही आहे. पुढच्या रांगेतून सुरू करा आणि मागे देत जा. उजेडाकडे तिरपा धरला तर भेगा दिसतात. एका बाजूची कड अजून धारदार आहे, बोटं सांभाळा.